डबा तसाच परत येतो: मुलांचं शाळेतलं जेवण, नियम आणि वेळ

रेवा

गेल्या सोमवारी लेकीच्या शाळेतून छापील तक्ता आला. लेक दुसरीत आहे. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी इडली किंवा डोसा, बुधवारी मोडाची उसळ, गुरुवारी पराठा, शुक्रवारी "मुलांच्या आवडीचे". खाली ठळक अक्षरांत: बिस्किटं, नूडल्स, वेफर्स, जॅम, केक चालणार नाहीत. त्याखाली आणखी एक ओळ: अंडी व मांसाहार आणू नये.

तक्ता बघून मला बरंच वाटलं होतं. पण गुरुवारी जे झालं त्यामुळे हा धागा काढतेय. वर्गातल्या एका मुलाने ब्रेड-जॅम आणला होता. बाईंनी त्याचा डबा बंद करून टेबलावर ठेवला, इतरांच्या डब्यांतलं थोडं थोडं त्याला दिलं आणि वहीत शेरा लिहिला. इथवर एक वेळ ठीक आहे. पण त्या उघड्या डब्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला, "कृपया असे डबे देऊ नयेत" म्हणून. नाव नव्हतं, पण डब्यावरचं चित्र सगळ्या मुलांना ओळखू येतं. त्याची आई रुग्णालयात काम करते, सकाळपाळी असली की पहाटे पाचला घर सोडते. घरी आजोबा आणि हा मुलगा. ब्रेडला जॅम आजोबांनी लावलेला असणार.

दुसऱ्या दिवशी मी वाचनतासासाठी शाळेत होते, तेव्हा मोठी सुट्टी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितली. ११.४० ला घंटा झाली. वर्गात ४८ मुलं, हात धुवायला तीन नळ, त्यातला एक नुसता ठिबकतो. मुलं रांगेत उभी. लेक जागेवर येऊन बसली तेव्हा ११.४९ झाले होते. झाकण घट्ट बसलेलं, ते उघडून घ्यायला ती बाईंकडे गेली. तिथेही चार जण उभे. पहिला घास तोंडात गेला ११.५२ ला. १२ ला घंटा.

आठ मिनिटं! त्यात ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी. सात वर्षांचं मूल एक घास किती वेळ चावतं ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. तिने तीन घास खाल्ले, चौथा तोंडात असताना डबा बंद केला. आणि मी वर्षभर रोज संध्याकाळी तिला ओरडत होते, की भाजी टाकून का देतेस.

मुलं ब्रेड-जॅम का मागतात हे मला त्या दिवशी कळलं. तो चावावा लागत नाही, चार घासांत संपतो आणि उरलेल्या वेळात खेळता येतं. सुट्टी वीस मिनिटांची ठेवायची आणि डब्यात उसळ-भाकरी मागायची, हे जमणार कसं? तुमच्याकडे शाळांत किती वेळ मिळतो? कोणी शाळेशी बोलून काही बदल करून घेतलाय का?

अनघा_ठाणे

रेवा, फोटो गटावर टाकणं अत्यंत चूक. त्याबद्दल मुख्याध्यापकांना लेखी द्या, तोंडी बोलू नका.

पण तक्त्याच्या बाजूने मी बोलणार. माझा मुलगा पहिलीत असताना वर्गात कसलाच नियम नव्हता. रोज कोणाच्या ना कोणाच्या डब्यात वेफर्स असायचे. मी दिलेली दुधी-चणाडाळ घेऊन तो बसायचा आणि शेजारी कुरकुर आवाज यायचा. कुठलं मूल दुधी खाईल? दोन दाढा किडल्या, एकीचं रूट कॅनाल करावं लागलं, वय वर्षं सात. पुढच्या वर्षी शाळेने तक्ता आणला आणि दोन महिन्यांत तो घरी येऊन विचारायला लागला, "उद्या उसळ ना?" सगळे तेच खातात म्हटल्यावर मुलं खातात. एकट्या आईने घरात कितीही डोकं फोडलं तरी हे होत नाही.

आणि हे शाळेच्या मनात आलं म्हणून झालेलं नाही. शाळेच्या उपाहारगृहात जंक फूड नको हा महाराष्ट्र सरकारचा निर्णय मे २०१७ चा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम तर सांगतात की जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळेत आणि आवारापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. आमच्या शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर पाच रुपयांची पाकिटं माळेसारखी लटकलेली असतात. डबे तपासण्याआधी ते अंतर कोणी तरी मोजायला हवं.

रेवा

अनघाताई, शेजारी वेफर्स असले की दुधी कोण खाणार, हे अगदी पटलं. तक्ता काढून टाका असं मी म्हणत नाहीये. लेखी देते.

डॉ_गौरी_आहार

मी आहारतज्ज्ञ आहे, रोज हेच ऐकते. रेवा, तुम्ही घड्याळ लावून बघितलंत हे फार चांगलं केलंत. माझ्याकडे येणाऱ्या आया पदार्थांची यादी मागतात. मी आधी विचारते, खायला वेळ किती आणि झाकण मुलाला स्वतः उघडता येतं का. निम्म्या वेळा अडचण झाकणातच असते. डबा घेताना मूल बरोबर न्या, दुकानातच त्याला तीनदा उघडायला लावा.

सुट्टी वाढेपर्यंत काय करता येईल ते सांगते. भाकरी मोडून, कुस्करून, थोडं तूप आणि दाण्याची चटणी लावून द्या, नाही तर भाकरीऐवजी धिरडं द्या. मुगाचं धिरडं, किंवा बेसन आणि नाचणीचं पीठ निम्मं निम्मं, त्यात किसलेलं गाजर. मऊ असतं, गुंडाळून हातात धरता येतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात साधारण एकशेवीस. पालेभाजी किंवा उसळ असेल तर वर लिंबू पिळा, लोह अंगी लागायला मदत होते. आणि सकाळी मुलांना चहा-बिस्किट देऊन शाळेत पाठवू नका. चहामुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही, आणि पोटही खोटंच भरतं. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत हा फेब्रुवारी २०२४ चा निर्णय झाल्यापासून काही घरांत सकाळी खरा नाश्ता व्हायला लागलाय. तो दहा मिनिटांत गिळायला लावू नका एवढंच सांगणं.

शेवटच्या ओळीबद्दल, म्हणजे अंडी. मूठभर शेंगदाण्यांत एका अंड्याएवढी प्रथिनं मिळतात, हे खरं आहे. पण अंड्यात ब-१२ असतं, शेंगदाण्यात नसतं. जी मुलं घरी अंडं खातात त्यांच्यासाठी डब्यात उकडलेलं अंडं हा सगळ्यात सोपा, चार मिनिटांत संपणारा पौष्टिक खाऊ आहे. आरोग्यासाठी केलेल्या तक्त्यात त्यालाच मनाई का, याचं आहारशास्त्रात तरी उत्तर नाही.

श्रीधर_प

डॉक्टर, तुमच्याबद्दल आदर राखून लिहितो. आमच्या घरात अंडं येत नाही. माझ्या मुलीला वासाने मळमळतं, ती जेवायची थांबते. बाकावर तिघं मांडीला मांडी लावून जेवतात. "तुझा डबा तुझा, माझा माझा" इतकं सोपं लहान मुलांत नसतं, ती एकमेकांच्या डब्यात हात घालतात, आणि घालावेत. म्हणून शाळेने सरसकट शाकाहारी नियम केला तर मला त्यात कोणाचा अपमान दिसत नाही. सगळ्यांना चालेल असं काही तरी ठरवणंच शाळेला सोपं पडतं.

मुक्ता_मालवणी

श्रीधर, तुमच्या मुलीला त्रास होतो हे मी मान्य करते. पण "सगळ्यांना चालेल असं" म्हणताना त्या सगळ्यांत मी कधीच नव्हते, हे सांगायचंय.

आम्ही मालवणहून पुण्याला आलो तेव्हा मी तिसरीत होते. आईने पहिल्या आठवड्यात भात आणि बांगड्याचं तिखलं दिलं, घट्ट, त्रिफळं घातलेलं. आमच्याकडे ते डब्यात द्यायचंच कालवण, शिळंसुद्धा गोड लागतं. मी झाकण उघडलं आणि पुढच्या बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावून उठल्या. कोणी काही बोललं नाही. मी झाकण लावलं आणि तो डबा घरी जाताना नाल्यात रिकामा केला. आईला सांगितलं, सगळं संपवलं. तिला इतका आनंद झाला की तिने दोन दिवसांनी पुन्हा तेच दिलं.

त्या वर्गात नियम नव्हता, तरी असं झालं. आता तर छापून येतंय. तुमच्या अन्नाला इथे जागा नाही हे आठ वर्षांच्या मुलीला कागदावर वाचायला मिळतं. वासाचा त्रास असेल तर बसायची जागा बदलता येते, खिडकीजवळ बसवता येतं. माझ्या लेकीच्या शाळेत ही सोय बाईंनीच केली, आणि दोन आठवड्यांत कोण कुठे बसतं याची कोणाला आठवणही राहिली नाही.

श्रीधर_प

नाल्याचं वाचून वाईट वाटलं. जागा बदलायची गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. विचार करतो.

सातपुडा_गुरुजी

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. इथलं चित्र वेगळं आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे डबा परत जात नाही, कारण डबाच नसतो. पहिली ते पाचवीची ४२ मुलं. शालेय पोषण आहाराचं माप सगळ्यांना माहीत नसतं: पाचवीपर्यंत रोज दरडोई १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. म्हणजे सगळी मुलं आली तर ४ किलो २०० तांदूळ आणि ८४० ग्रॅम डाळ. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. तांदूळ वेगळा मिळतो. बाकी डाळ, तेल, भाजी, मसाला, इंधन यासाठी मे २०२५ पासून दर मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. तुमच्याकडे भाजीवाला कोथिंबिरीची जुडी केवढ्याला देतो ते बघा.

अंड्यावर वाचलं आणि राहवलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं. एका अंड्याला पाच रुपये. बाजारात कधी सहा पडायचे, वरचे आम्ही घालायचो. पहिल्या बुधवारी पहिलीतल्या पोरांना अंडं सोलता येईना. दाबलं की पांढरं टरफलाबरोबर निघून यायचं. मग चौथीच्या मुली ओळीने बसल्या आणि त्यांनी धाकट्यांना शिकवलं, बुंध्याकडून टिचकवायचं, आत पोकळी असते, तिथून सोलायचं. टरफलं आम्ही कुटून परसबागेत मिरचीच्या बुडाशी घालायचो. केळी खाणारी तीनच मुलं होती, त्यांच्या केळ्यावर बाकी सगळ्यांचा डोळा.

जानेवारी २०२५ मध्ये निर्णय बदलला. अंड्याचा खर्च सरकार देणार नाही, द्यायचं तर लोकसहभागातून द्या. लोक म्हणजे कोण? इथले निम्मे पालक दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. आम्ही शिक्षकांनी चार महिने चालवलं, मग थांबलं. त्यानंतर कित्येक आठवडे बुधवारी वाढणं सुरू झालं की मुलं ताटातली खिचडी एका बाजूला सारून अंड्यापुरती जागा ठेवायची.

एक मात्र सांगतो. आमची सुट्टी पाऊण तासाची असते. मुलं ओळीने बसतात, वाढेपर्यंत कोणी हात लावत नाही, आणि वाढून झालं की पुन्हा वाढतात. घाई नाही. ताटात शीत राहत नाही.

मल्लू_सोलापूर

गुरुजी, माझी आई शाळेत खिचडी शिजवते. चौदा वर्षं झाली. कागदोपत्री ती "स्वयंपाकी तथा मदतनीस". महिन्याला अडीच हजार मानधन, तेही वर्षातले दहाच महिने, आणि तीन-तीन महिने थकतं. ९६ पोरं आणि दोन बायका, कारण शंभरपर्यंत दोघीच मंजूर.

आरोग्यदायी जेवण म्हटलं की सगळे डॉक्टर आणि सायेब बोलतात, बायकांना कोणी इचारत नाही. २०२४ मध्ये तीन पदार्थांचं जेवण सुरू केलं, खिचडी, मोडाची उसळ, खीर. कागदावर बेस वाटतं. पण मोड आणायला आदल्या दिवशी मटकी भिजवायची, रात्री फडक्यात बांधायची. शाळेला कुलूप असतंय, म्हणून आईने घरी आणून बांधली. उंदरांपासून राखायला रात्री दोनदा उठायची. त्याचं मानधन कुठंय? पण मोडाच्या उसळीच्या दिवशी पोरं ताट चाटून जातात, म्हणून ती करती. मी म्हनलं सोड, तर म्हनती, "माझ्या हातची चव त्या पोरांच्या जिभेवर बसलीया."

जेवण वाढायच्या आधी मोठ्या माणसांनी चव घ्यायची असा नियम आहे. आई तर रोज सगळ्यात आधी स्वतः खाती. २०१३ ला बिहारमध्ये छपऱ्याकडं शाळेच्या जेवणातून विषबाधा होऊन २३ लेकरं गेली, ती बातमी तिने बघितली होती. तवापासून तेलाचा डबा ती स्वतः हुंगल्याशिवाय कढईत घालत नाही.

रेवा

मल्लू, गुरुजी, दोन्ही प्रतिसाद दोनदा वाचले. मी सुरुवात नळांच्या रांगेवरून केली होती. गुरुजींच्या पाऊण तासाबद्दल वाचून जाणवलं की आम्ही पैसे भरतो, तरी आमच्या मुलांना जेवायला आठ मिनिटं.

कोबेची_अस्मिता

वेळेवरून लिहिते. आम्ही जपानमध्ये सहा वर्षं आहोत, मुलगा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत आहे. इथे शाळेचं जेवण, क्यूशोकू, हा तासच असतो. मुलं पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून वर्गात जेवण आणतात, आपापसांत वाढतात, खातात, आवरतात. सगळं मिळून पाऊण तासाच्या आसपास. शिक्षक त्यांच्याबरोबर तेच जेवतात. माझा मुलगा पहिलीत असताना डाव हातात धरून प्रत्येकाला सारखं सूप कसं वाढायचं ते शिकत होता. कमी-जास्त झालं तर पोरं लगेच सांगतात. आता त्याला खाण्यापेक्षा वाढायला जास्त आवडतं.

इथलं सगळंच गोड आहे असं मात्र समजू नका. सगळ्यांना एकच ताट, आणि रश्शातसुद्धा माशाचं पाणी. आम्ही शाकाहारी. दर महिन्याला जेवणाची यादी येते, ती घेऊन मी बसते आणि दिसायला शक्य तितकं तसंच घरी करून त्याच्याबरोबर देते. ज्या दिवशी करी असते त्या दिवशी माझी आमटी त्याच रंगाची करते. श्रीधर, म्हणून तुमची अडचण मला कळते, आणि मुक्ता, तुमची तर फारच कळते. इथे वेगळा डबा माझ्या मुलाचा आहे. त्याच्या बाईंनी पहिल्याच दिवशी वर्गाला सांगितलं, याच्या घरी असं जेवतात. पुन्हा विषय निघाला नाही.

वाईची_आजी

मी ७४ वर्षांची आहे, नातीने मराठी टंकन शिकवलंय. १९७२ च्या दुष्काळात मी नव्याने शिक्षिका झाले होते. शाळेत सुकडी, म्हणजे खाण्याची कोरडी पूड यायची, पिवळी, भगराळ. पाण्यात कालवून किंवा नुसतीच द्यायची. मुलं हाताची ओंजळ करून यायची. एक मुलगा सुकडी तोंडात टाकून बोलायला गेला की ठसका लागायचा, म्हणून मी नियम केला होता, तोंडातली संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. एवढाच माझा जेवणाचा नियम. डब्यात काय आहे ते बघायला बाईंनी वाकावं जरूर. पण फोटो काढायला नव्हे, मूल उपाशी तर नाही ना ते बघायला.

अनघा_ठाणे

आजी, नमस्कार.

गुरुजी, एक सुचवू का? आमच्या सोसायटीत वाढदिवसाला मुलांना रिटर्न गिफ्ट द्यायची पद्धत आहे, ते पैसे तुमच्या मुलांच्या अंड्यांना देता येतील. ४२ अंड्यांचा आठवड्याचा खर्च तीनशेच्या आत आहे. आम्ही दहा घरं मिळून वर्षभर सहज देऊ. कसं पाठवायचं ते सांगा.

सातपुडा_गुरुजी

ताई, मनापासून आभार, आणि तरीही नको म्हणतो. रागावू नका.

आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, अनेक शाळा आहेत. माझी शाळा या धाग्यावर आली म्हणून तिला अंडं मिळेल, पलीकडच्या पाड्यावरच्या शाळेला नाही, कारण तिथल्या गुरुजींना लिहायला रेंज नाही. शिवाय तुमची दहा घरं दोन वर्षांनी दमतील, आणि त्यात तुमचा काही दोष नसेल. तांदूळ जसा हक्काने येतो तसंच अंडं यायला हवं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं, त्याआधी आम्ही मुलांना महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ वाटायचो. तो बदल देणगीतून झाला नव्हता. तुम्हाला करायचंच असेल तर तुमच्या आमदारांना पत्र लिहा, दहाच्या दहा घरांनी, वेगवेगळ्या अक्षरांत. आणि तुमच्या घरापासून सगळ्यात जवळच्या महापालिका शाळेत एकदा जेवणाच्या वेळी जाऊन बसा.

अनघा_ठाणे

पटलं. पत्र लिहिते, मसुदा इथेच टाकेन. महापालिका शाळा आमच्या मागच्या गल्लीत आहे, आजवर आत गेले नव्हते.

रेवा

तीन आठवड्यांनी लिहितेय. पालकसभा झाली. मी आठ मिनिटांचा हिशोब कागदावर लिहून नेला होता, ११.४० पासून मिनिटा-मिनिटाचा. मुख्याध्यापिका आधी म्हणाल्या, वेळापत्रक हलवता येत नाही. मग एका बाबांनी विचारलं की तुम्ही स्वतः जेवायला किती वेळ घेता. त्या थांबल्या. शेवटी छोटी सुट्टी पाच मिनिटांनी कमी आणि मोठी दहा मिनिटांनी वाढवली, शाळा पाच मिनिटं उशिरा सुटते. पहिली-दुसरीला बाकीच्यांच्या आधी पाच मिनिटं हात धुवायला सोडतात. ठिबकणारा नळ दुरुस्त झाला. फोटो गटावर टाकणार नाही, हे लेखी आलं.

अंड्याची ओळ तशीच आहे. मतदान घेऊ म्हणाले, तेव्हा मी आणि आणखी दोघींनी नको म्हटलं. हात वर करून कोणाचं जेवण ठरवायचं नाही. मुक्ताची खिडकीजवळच्या जागेची गोष्ट मी सांगितली. पुढच्या सभेत पुन्हा काढणार आहे.

ब्रेड-जॅमवाल्या मुलाचे आजोबा आता उपमा शिकलेत. त्याच्या आईने मला सांगितलं.

लेकीचा डबा काल अर्धी भाकरी उरवून आला. आधी पाऊण उरायची. गौरीताई, तुमचं नाचणी-बेसनाचं धिरडं दोनदा केलं, गरम असताना मऊ होतं, पण बारा वाजेपर्यंत कडक होतं असं ती म्हणते. काय करू?

डॉ_गौरी_आहार

पीठ भिजवताना त्यात दोन चमचे दही घाला आणि वीस मिनिटं झाकून ठेवा, नाचणी पाणी पिते. तव्यावर झाकण ठेवून वाफ येऊ द्या, दुसऱ्या बाजूने जास्त भाजू नका. आणि पूर्ण गार होऊ न देता, कोमट असतानाच सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा.